केकचं राहू दे, बिलं काढ

प्रिय मावशी,
मी ३६ वर्षांची, बी.कॉम. झालेली, डोंबिवलीत राहते. नऊ वर्षं गृहकर्जाच्या सेल्समध्ये आहे. रोज अनोळखी लोकांना फोन, महिनाअखेरीला टार्गेट. हे माझं काम नव्हे, एवढं कळून चुकलंय. माझे केक सगळ्यांना आवडतात, म्हणून नोकरी सोडून घरून ऑर्डरी घ्यायचं मनात आहे. एक किलोला सामान ४१२ रुपये, खोका २८, वीज १५; ७०० ला विकला तर २४५ सुटतात. ऑर्डर असली की आदल्या रात्री झोप लागत नाही, पण सवय होईल. नवरा नको म्हणतो. त्यात सोसायटीतही वातावरण बिघडलंय. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी बिलातून जमवायचा निधी, बांधकाम खर्चावर लावायचा, तो करारातल्या किमतीवर लावला होता. मी दोन वर्षांची बिलं घेऊन बसले, रात्रीचे दोन कधी वाजले कळलं नाही. चूक दाखवल्यापासून सेक्रेटरी काका बोलत नाहीत. असो. नवऱ्याला कसं समजावू?

अगं, ‘असो’ काय? अख्ख्या पत्रात तेवढीच गोष्ट वाचण्यासारखी होती, आणि तिच्यापुढे तू ‘असो’ लिहून मोकळी झालीस!

सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का, आणि त्यात जमिनीची किंमत धरायची नाही, हे आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नियमपुस्तकात, छापलेलं आहे. पण ते वाचतं कोण? बिल आलं की आपण खालचा आकडा बघतो, कपाळाला आठ्या घालतो आणि पैसे भरतो. तू मात्र दोन वर्षांची बिलं पसरून बसलीस. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. केकच्या आदल्या रात्री झोप उडते ती धास्तीने. इथे रात्रीचे दोन वाजले ते तुला घड्याळाने सांगितलं.

केकबद्दल काय लिहिलंयस ते परत वाच. सामान, खोका, वीज. चवीचा, वासाचा, क्रीम सुरेख बसल्याचा एक शब्द नाही. आणि त्या २४५ रुपयांत स्वतःचे तास धरायला विसरलीस! दुसऱ्याच्या बिलात असली चूक तुझ्या नजरेतून सुटली असती का? ‘सगळ्यांना आवडतात’ म्हणे. फुकटचा केक खाऊन नावं ठेवणारा माणूस मला तरी आजवर भेटलेला नाही.

सेल्समध्ये तुझं का जमत नाही, तेही दिसतंय. कर्जाच्या कागदातली खोच तुला आधी दिसत असणार आणि समोरच्याला ती सांगून टाकावीशी वाटत असणार. टार्गेट कुठून पुरं होणार?

तेव्हा जी.डी.सी. अँड ए.चा फॉर्म भर. सहकार आणि लेखा यांची ही सरकारी पदविका. परीक्षा सहकार खात्याची, बहुधा मे महिन्यात, पेपर सहा. पदवीधर आहेस, म्हणजे बसता येईल. महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्था लाखाच्या वर आहेत आणि प्रत्येकीचं दरवर्षी लेखापरीक्षण व्हावंच लागतं, कायदाच आहे तसा. पदविका मिळाली की लगेच ऑडिटवर सही करता येईल असं नाही. ऑडिटरांच्या सरकारी यादीत, म्हणजे पॅनलवर, यायला संस्थांच्या लेखापरीक्षणाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. मग एखाद्या ऑडिटरच्या हाताखाली शनिवार-रविवार व्हाउचरं तपासत बस. कंटाळवाणं काम आहे म्हणतात, तुला लागणार नाही. तोवर नोकरी सोडायची नाही आणि केकची एकही ऑर्डर घ्यायची नाही. लेकराच्या वाढदिवसाला कर हवा तर.

नवऱ्याला समजावण्यासारखं यात काही उरलंय का, तूच बघ.

राहता राहिले सेक्रेटरी काका. चूक भर सभेत दाखवलीस ना? वाटलंच मला. पुढच्या वेळी आधी त्यांच्या घरी जा. कागद टेबलावर ठेव, चहा घे आणि म्हण, ‘काका, हा आकडा मला जुळत नाहीये, जरा बघता का?’ ऑडिटरला हेही यावं लागतं. नऊ वर्षं अनोळखी लोकांना फोन करतेयस, शेजारच्या काकांशी एवढं जमायला हरकत नाही.

— मावशी