इसार घेऊ नका, सर

पत्र जिंतूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकाचं आहे. मोठा भाऊ ४३ वर्षांचा, शेती करणारा. दिवाळीनंतर डोकं दुखायचं, मग एका सकाळी धार काढताना गोठ्यातच झटका आला. छत्रपती संभाजीनगरच्या खासगी रुग्णालयात गाठ काढली. बायोप्सीचा रिपोर्ट आला: ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४, म्हणजे मेंदूचा झपाट्याने वाढणारा कर्करोग. आतापर्यंत खर्च ४ लाख ८० हजार. त्यातले दोन लाख ठेव मोडून, दीड लाख शिक्षक पतसंस्थेतून, बाकीचे पाव्हण्यारावळ्यांकडून. आता एका खासगी केंद्राने रेडिएशन आणि 'इम्युनोथेरपी' (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडणारी इंजेक्शनं) मिळून १४ लाखांचं पॅकेज सांगितलंय. सामाईक साडेचार एकरांतले दोन एकर विकायचं घरात चाललंय. चालू भाव एकरी नऊ लाख. शेजारी साडेसहा द्यायला तयार आहे आणि लाखभर इसार खिशात घालून रोज ओसरीवर येऊन बसतो. भावाची पाच लाखांची एलआयसी पॉलिसी मोडली तर १ लाख ४० हजार येतात. "गावात म्हणतात, भावापेक्षा जमीन मोठी झाली का? तुम्हीच सांगा, काय करू?"

सर, आधी उत्तर, मग कारणं. शेजाऱ्याचा इसार घेऊ नका. पॉलिसी मोडू नका. आणि १४ लाखांच्या पॅकेजला हो म्हणण्याआधी त्यातलं काय कशासाठी आहे हे कागदावर लिहून मागा.

मी डॉक्टर नाही. पण पैसा नेमकं काय विकत घेतोय हे विचारणं माझ्याच धंद्यात बसतं. या आजारात शस्त्रक्रियेनंतरचा ठरलेला उपचार म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, साधारण सहा आठवडे, ३० वेळा रेडिएशन आणि त्याबरोबर टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळ्या. नंतर त्याच गोळ्या महिन्यातले पाच दिवस, साधारण सहा महिने. ज्या अभ्यासावर हे उभं आहे तो २००५ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या रेडिएशनवर निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांपर्यंत जगले, गोळ्या जोडल्यावर १४.६ महिन्यांपर्यंत. दोन वर्षांनंतर हयात असणारे आधी दहात एक होते, ते चारात एक झाले. हे आकडे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल, पण १४ लाखांचा हिशेब याच आकड्यांसमोर मांडायचाय. तुमचे भाऊ त्या चारातले एक असू शकतात. ते गाठीच्या तपासण्यांवर, वयावर आणि किती गाठ निघाली यावर बरंचसं ठरतं.

आता हाच उपचार, तेच रेडिएशन आणि त्याच गोळ्या, संभाजीनगरात आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मिळतात. परळच्या टाटा रुग्णालयातही मिळतात. मग १४ लाखांत जास्तीचं काय? 'इम्युनोथेरपी'. मोठ्या चाचणीत गाठ परत आलेल्या रुग्णांना निवोलुमॅब नावाचं असं औषध देऊन पाहिलं गेलं, त्याने आयुष्य वाढलं नाही. उद्या कोणी प्रोटॉनचं रेडिएशन सुचवेल. मोठ्या माणसांच्या या आजारात ते नेहमीच्या रेडिएशनपेक्षा सरस आहे असं सिद्ध झालेलं नाही. तेव्हा त्या केंद्राला एकच प्रश्न विचारा: "हे इंजेक्शन दिल्याने या आजाराचे रुग्ण जास्त जगले, असं कुठल्या अभ्यासात दिसलंय?" उत्तरात अभ्यासाऐवजी "प्रयत्न करायला काय हरकत आहे" आलं, तर हरकत दोन एकरांची आहे हे तुम्हाला कळेल. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड्स, म्हणजे जपून ठेवलेले गाठीचे नमुने, रुग्णालयातून मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. त्या घेऊन टाटामध्ये दुसरं मत घ्या.

आता जमीन. एरवी कोणी मला विचारलं तर मी म्हणतो, कोरडवाहू जमिनीवर परतावा फार थोडा, भावनेपोटी धरून बसू नका. इथे उलटं सांगतोय, कारण ही जमीन तुमच्या वहिनीची आणि दोन मुलांची एकमेव मिळकत आहे. आणि विक्री नडीतली आहे. दोन एकरांवर पाच लाखांचा फटका म्हणजे तुमच्या एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या बिलाहून जास्त. शेजाऱ्याला दोष देत नाही, अडलेल्याचा भाव असाच होतो. शिवाय इसार घेतला की मागे फिरणं अवघड. इसारपावतीवरून कोर्टाच्या पायऱ्या चढलेली माणसं प्रत्येक तालुक्यात सापडतील.

दुसरी गोष्ट तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलीय: सातबारावर आईचं, तुम्हा दोघांचं आणि दोन्ही बहिणींचं नाव आहे. म्हणजे बहिणींच्या सह्यांशिवाय सौदा होत नाही. त्या नाही म्हणणार नाहीत हे खरं, पण भावाच्या आजारपणात हक्कसोड आणि विक्री एकाच दिवशी उरकली की पुढे पंधरा वर्षं रक्षाबंधनाला कोणी तोंड बघत नाही, हे मी पाहिलंय. आधी तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ ची वाटणी करून घ्या, म्हणजे भावाचा हिस्सा वेगळा दिसेल.

विकण्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, तो लपवत नाही. भावाच्या मागे तो हिस्सा अज्ञान मुलांच्या नावावर आला, तर विकताना न्यायालयाच्या परवानगीचं लचांड लागू शकतं. "विकायचीच तर आत्ताच" असं तुमचा वकील म्हणेल ते यामुळे. मला मात्र तेच मुलांचं कुंपण वाटतं. कराची भीती घालणाऱ्यांचं ऐकू नका. नगरपालिकेच्या हद्दीपासून लांबची खेड्यातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही, तेव्हा ते कारण ना विकण्याचं आहे ना राखण्याचं. या हंगामात भाऊ शेत करू शकणार नाहीत. बटईने किंवा ठोक्याने लावा. आणि पीक कर्ज थकू देऊ नका. मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं, थकलं की ही सवलत जाते.

पॉलिसीबद्दल मला राग आवरावा लागतोय. तो सल्ला कोणी दिला ते लिहिलं नाहीत, बरं केलंत. पाच लाखांचं संरक्षण आज १ लाख ४० हजाराला विकायचं? ज्या वर्षी त्याची गरज सगळ्यात जास्त, त्याच वर्षी? हप्ता भरत राहा. अगदीच अडलं तर पॉलिसीवर कर्ज मिळतं. आणि पॉलिसी काढून पाहा: नॉमिनी कोण आहे? पैज लावतो, लग्नाआधीची असेल तर वडिलांचं नाव असेल, आणि ते तुम्हीच लिहिलंय की आठ वर्षांपूर्वी गेले.

पासबुकही काढा. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये कापलेले दिसतात का? दिसले तर भाऊ प्रधानमंत्री जीवनज्योती विम्यात आहेत; मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी दोन लाख मिळतात. घरात कोणालाच हे माहीत नसतं, बँकेत कधीतरी फॉर्म भरलेला असतो. त्या खात्यात मे महिन्यात शिल्लक ठेवा. उलट, एजंट म्हणतोय तसा आजार लपवून नवा आरोग्य विमा काढू नका. हप्ता जाईल आणि दावा फेटाळला जाईल.

उपचाराचा पैसा कुठून? महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि रेडिएशन, केमोथेरपी त्यात बसते. मराठवाड्याचे सगळे जिल्हे शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत येतात, त्यामुळे पांढरं रेशन कार्ड असलेल्या शेतकऱ्यालाही सातबारावर लाभ मिळत आला आहे. पहिल्या वेळी तुम्ही घाईत गेलात, कार्ड घरी राहिलं, आणि झालेला खर्च योजना मागाहून देत नाही. ते पैसे गेले. पुढच्या वेळी रेशन कार्ड, आधार, सातबारा एका पिशवीत घालून दारामागे टांगून ठेवा आणि पोचल्या पोचल्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा. खासगीतच जायचं ठरलं तर ते धर्मादाय रुग्णालय आहे का विचारा. तिथे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही करून ठेवा.

मग तुमच्या खिशातून जाईल ते राहण्याचं, खाण्याचं, प्रवासाचं, अधूनमधून एमआरआयचं. सहा आठवडे संभाजीनगरात खोली घेऊन दोघं राहिले तर माझ्या अंदाजाने ४० ते ५० हजार. मुंबईला जावं लागलं तर परभणीहून देवगिरी एक्सप्रेस आहेच. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं माफ, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यायचा. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन. वर्षभराचं सगळं धरून मी तीन ते साडेतीन लाख मांडतो. वहिनींच्या सोन्यावर बँकेतून दीड लाख, बाकी पतसंस्थेतून हप्त्याला झेपेल तेवढंच. तुमच्या बायकोला विचारून घ्या. पत्रात तिचा उल्लेख कुठेच नाही आणि हप्ता तिच्याही घरातून जाणार आहे. सावकाराच्या दारात पाय ठेवू नका. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के.

एक खर्च तुम्ही धरलाच नव्हता. झटका आला म्हणून दोनदा रात्री जीप करून संभाजीनगर गाठलं, प्रत्येक वेळी साडेसहा हजार, वर तातडीच्या विभागाचं बिल. दोन्ही वेळा पोचेपर्यंत भाऊ बोलायला लागले होते. झटका आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेला किंवा लागोपाठ आला तर मात्र क्षणभर थांबायचं नाही. पहिल्याच भेटीत हे कोणीतरी वहिनींना सांगायला हवं होतं. मेंदूच्या सुजेसाठी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड चालू असेल तर साखर वाढते, चिडचिड होते, भूक सुटते. "तुमचे दादा असे नव्हते" ही वहिनींची तक्रार त्यातलीही असेल. मुंबईत ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया याच रुग्णांसाठी काम करते; तिथे घरच्यांना आजार समजावून सांगतात आणि त्याच वाटेवरून गेलेली माणसं भेटतात. मुंबईची फेरी झाली तर एक दिवस तिथे द्या. सोबत तुम्ही नाही, वहिनी जाऊ देत.

सह्यांचं मात्र थांबू नका. माझ्या मामांच्या मेंदूत डाव्या बाजूला गाठ होती, उजवा हात हळूहळू गेला. ठेव त्यांच्या एकट्याच्या नावावर. पैसे काढायच्या स्लिपवर त्यांनी 'ग' काढायला घेतला आणि काना लांब खालपर्यंत ओघळला. बँकेने सही जुळत नाही म्हणून स्लिप परत केली. अंगठा, डॉक्टरचा दाखला, मॅनेजर घरी येणं, यात अडीच महिने गेले आणि तोवर उसनवारीवर घर चाललं. मुखत्यारपत्र करून ठेवू असं तुम्ही लिहिलंय, पण देणाऱ्याची समज गेली की ते मुखत्यारपत्र कायद्याने संपतं, म्हणजे नेमकं लागेल तेव्हा उपयोगाचं नाही. त्यापेक्षा रेडिएशन सुरू व्हायच्या आत भावाचं खातं वहिनींबरोबर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' असं करा, सगळीकडे नॉमिनी बदला, आणि साध्या कागदावर मृत्युपत्र करा: दोन साक्षीदार आणि त्याच तारखेचा डॉक्टरचा, समज शाबूत असल्याचा दाखला.

शेवटी तुम्ही विचारलंय, भावाला खरं सांगायचं का. हा पैशाचा प्रश्न नाही, पण वरचा एकही कागद त्यांना अंधारात ठेवून होणार नाही. मामांना आम्ही सांगितलं नव्हतं. स्लिप परत आली त्या दिवशी संध्याकाळी ते खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "एवढ्या सह्या लागतायत, म्हणजे मी जातोय ना? मग मला विचारून वाटण्या करा की." दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं, कुणाचे किती उसने आहेत, कोणत्या डब्यात कोणती पावती आहे, आणि विहिरीजवळचा तुकडा कुणाला द्यायचा नाही. तुमच्या भावाकडेही अशी यादी असेल.