ग्रुपवर ओळख करून दिली आणि सगळे हसले

"नव्या ग्रुपमध्ये गेल्यावर स्वतःबद्दल काय लिहायचं? आणि लिहिल्यावर लोकांनी खेचली तर?" हा प्रश्न माझ्याकडे असा थेट क्वचितच येतो. झोप लागत नाही, चिडचिड होते, एकटं वाटतं, अशा तक्रारींच्या पोटात तो दडलेला असतो. विचारणाऱ्यालाच तो क्षुल्लक वाटतो. व्हॉट्सॲपवरच्या चार ओळींसाठी समुपदेशकाकडे जायचं म्हणजे हसं व्हायचं! पण बदलीच्या गावी, परदेशात, निवृत्तीनंतर किंवा घरून काम करताना माणसाचा चारचौघांशी जो संबंध उरतो तो बराचसा अशा ग्रुपांवरच असतो. तिथे पहिल्याच दिवशी पचका झाला तर मनाला लागणारच.

एका गृहस्थांची हकिगत सांगते. त्यांच्या परवानगीनं, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

वय ४६. मूळचे सोलापूरचे, बँकेत अधिकारी. बदली नाशिकला झाली. मुलीची बारावी म्हणून बायको आणि मुलगी सोलापुरातच राहिल्या. हे इकडे दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, सोबतीला बाल्कनीतल्या पाच-सहा कुंड्या. माझ्याकडे आले ते झोपेसाठी. रात्री दोनला जाग येते, मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. काय मनात येतं असं विचारल्यावर ऑफिसचं, मुलीच्या अभ्यासाचं सांगत राहिले. दुसऱ्या भेटीत, निघता निघता, दाराशी उभं राहून म्हणाले, "आणि एक मूर्खपणा केलाय मी. तोही आठवतो." दाराशी उभं राहून सांगितलेलं वाक्य बहुधा सगळ्यात महत्त्वाचं असतं, म्हणून त्यांना पुन्हा बसवलं.

झालं होतं असं. बायकोच्या आग्रहावरून ते बाल्कनीत बाग करणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये सामील झाले. तीनेकशे माणसं, बहुतेक नाशिकची. 'नव्या सदस्यांनी आपली ओळख करून द्यावी' असा तिथला नियम. यांनी संध्याकाळभर बसून ओळख लिहिली. सुरुवात 'सर्व ज्येष्ठ-श्रेष्ठ सदस्यांस सविनय नमस्कार' अशी. मग पूर्ण नाव, एम. कॉम., सीएआयआयबी ही बँकवाल्यांची परीक्षा, हुद्दा, सेवेची वर्षं, आजवरच्या बदल्यांची गावं, मूळ गाव, कुटुंब, आवडीनिवडी. सगळ्यात शेवटी एक ओळ: 'माझ्या कढीपत्त्याची पाने गळत आहेत, तरी मार्गदर्शन व्हावे.'

दोन मिनिटांत ग्रुपवरच्या एका निवृत्त मुख्याध्यापिका काकूंचं उत्तर आलं. "बायोडाटा मिळाला. स्थळ बरं दिसतंय. पत्रिका पाठवा, बघू."

मग धरणाचं दार उघडावं तसे हसणारे चेहरे सुटले. "उंची लिहायची राहिली, साहेब." "पगाराचं काय?" "पत्रिका नको, सातबाराच मागवा."

साहेबांनी फोन पालथा ठेवला. नंतर ग्रुप म्यूट केला. पुढे आठवडाभर उघडला नाही. पण रात्री दोन वाजता तो मजकूर ओळ न् ओळ त्यांच्या डोळ्यांपुढून जायचा. "तीनशे लोकांनी माझी लायकी काढली," हे त्यांचे शब्द.

मी म्हटलं, "उघडा तो ग्रुप. आपण दोघं वाचू." त्यांना ते आवडलं नाही. तरी उघडला.

हसणाऱ्या चेहऱ्यांच्या खाली तिघांनी कढीपत्त्याबद्दल लिहिलं होतं. सोलापूरच्या उन्हात वाढलेलं झाड नाशिकच्या थंडीत पानं टाकणारच, घाबरू नका. पाणी कमी करा, थंडी ओसरली की शेंडे खुडा. कुणी आंबट ताकाचं पाणी घालायला सांगितलं होतं. आणि सगळ्यात मोठं उत्तर पत्रिका मागणाऱ्या काकूंचंच होतं. दोन मिनिटांची व्हॉइस नोट. कुंडीचं भोक बुजलंय का ते बघा इथपासून सुरुवात करून शेवटी, "काही लागलं तर विचारा हं, आम्ही सगळे इथेच पडीक असतो."

ती नोट त्यांनी ऐकलीच नव्हती. आठवडाभर ज्या माणसाला ते मनातल्या मनात उत्तरं देत होते, तिनं त्याच संध्याकाळी त्यांच्या झाडासाठी एवढा जीव टाकला होता.

इथे थोडं थांबते, कारण यात जे घडलं ते अनेकांचं घडतं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली, ती आम्ही रोज वापरतो. तिच्यातले दोन मुद्दे इथे चपखल बसतात. एक, घाबरलेला माणूस समोरच्याकडे बघतच नाही. स्वतःच्या मनात आपलं जे चित्र तयार झालंय, तेच लोकांना दिसतंय असं तो धरून चालतो. दुसरं, फजिती टाळायला तो जे उपाय करतो त्यांनीच बरेचदा फजिती ओढवते. कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये म्हणून यांनी पदवीपासून बदल्यांपर्यंत सगळं लिहिलं. लोक हसले ते नेमकं त्या इस्त्रीच्या कपड्यांना. माणसाला हसायला माणूस अजून दिसलाच कुठे होता?

त्यांनी विचारलं, "पण ती गंमत होती हे मला कसं कळावं?" प्रश्न रास्त आहे. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उपरोधाची आणि साधी वाक्यं काही जणांनी ईमेलनं पाठवली, काही जणांनी आवाजात ऐकवली. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की शंभरातली अठ्ठ्याहत्तर तरी बरोबर ओळखली जातील. आवाजात ती जवळपास तेवढी ओळखली गेली. ईमेलमध्ये मात्र छप्पन्न. दोनच पर्याय असताना छप्पन्न म्हणजे डोळे मिटून सांगण्यापेक्षा थोडंसंच बरं. आणि वाचणाऱ्यांनाही आपण बरोबर ओळखलं याची पक्की खात्री होती.

हे दुखणं जुनंच. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ मध्ये संगणकावरच्या सामाईक सूचनाफलकावर कुणीतरी गमतीनं लिहिलं की लिफ्टमध्ये पारा सांडलाय, आणि काही जणांनी ते खरंच मानलं. मग तिथल्या स्कॉट फाहलमन या संगणकतज्ज्ञानं १९ सप्टेंबरला सुचवलं की विनोदापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी खूण करा, मान कलवून पाहिलं तर हसरा चेहरा दिसतो. आज आपण जे पिवळे चेहरे धाडाधड पाठवतो त्यांचा हा पणजोबा. पण चेहऱ्यानंही काम भागत नाही. साहेबांना त्या हसऱ्या चेहऱ्यांचाच त्रास झाला होता.

म्हणून मी त्यांना चेहरे सोडून ग्रुपवरचे मागचे सगळे मेसेज वाचायला लावले. कोण कुणाची खेचतंय एवढंच बघायचं. पुढच्या भेटीत ते जरा सैलावून आले. सगळ्यात जास्त टपल्या काकूंनाच पडत होत्या. त्यांचा दुधी यंदा अंगठ्याएवढाच राहिला होता, आणि एक कॉलेजातला मुलगा रोज सकाळी विचारत होता, "काकू, आज दुधी की दुधाचा दात?" काकू त्याला त्याच्या मिरच्यांवरून धारेवर धरत होत्या. वयाचा, हुद्द्याचा हिशेब कुणीच ठेवत नव्हतं.

मी ज्या एका गोष्टीवर भर देते ती ही: उलट खेचायची मुभा आहे का? रॅडक्लिफ-ब्राऊन या मानववंशशास्त्रज्ञानं १९४० मध्ये थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. काही नात्यांत एकमेकांचा अनादर करायची परवानगी असते, आणि राग मानायचा नाही ही अटही असते, असं त्यात आहे. आपल्याला हे सांगायला इंग्लंडहून कुणी यायची गरज नव्हती. दीर-भावजयीची, मेव्हण्या-मेव्हण्यांची थट्टा आपल्या घरांत चालत आलेली आहे, आणि घरात नव्यानं आलेल्या माणसालाच ती आधी वाट्याला येते. उखाणा घ्यायला लावून अडवतात ते काय उगीच? पण भावजयीनं उलट उत्तर दिल्यावर दीर चिडला, तर ती थट्टा नव्हतीच असं खुशाल समजावं.

तर मुभा आहे की नाही ते वापरूनच कळणार होतं. एका ओळीचं उत्तर लिहायचं ठरलं. खुलासा नाही, दिलगिरी नाही. पाठवण्याआधी काय होईल याचा अंदाज त्यांनी कागदावर लिहिला: 'कोणीही उत्तर देणार नाही.' पहिला मसुदा होता, 'सदर टिप्पणी मी विनोदाचा भाग म्हणून घेतली असून गैरसमज नसावा.' मी म्हटलं, हे परिपत्रक झालं. ते हसले, गप्प बसले, मग खिडकीकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "दोष कुंडलीत नाही, कुंडीत आहे."

"हे पाठवा."

"आठवडा उलटून गेला, मॅडम."

"पाठवा."

माझ्यासमोर बसून पाठवलं. काकूंचं उत्तर लगेच आलं. "आता स्थळ पसंत." त्या दिवसापासून ग्रुपवर त्यांचं नाव 'कुंडलीवाले' पडलं, ते अजून आहे. बँकेत सगळे त्यांना सर म्हणतात. टोपणनाव त्यांना शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच मिळालं होतं.

ही गोष्ट इथे थांबवली असती तर छान दिसली असती. पण पुढचं सांगायला हवं. दोनेक महिन्यांत साहेब फॉर्मात आले. एकदा एका नव्या बाईंनी वाळलेल्या गुलाबाचा फोटो टाकला, काय झालं असावं म्हणून. यांनी लिहिलं, "अंत्यविधी किती वाजता?" दहाबारा जण हसले. बाईंनी काहीच लिहिलं नाही, रात्री ग्रुप सोडला. नंतर कळलं की तो गुलाब त्यांच्या वडिलांनी लावलेला होता आणि वडील नुकतेच गेले होते.

साहेब हादरले. क्रूगर यांचंच २००६ मधलं आणखी एक काम आहे. चिडवणारा आपल्या मनातल्या चांगल्या हेतूच्या भरवशावर असतो. ज्याला चिडवलं त्याला तो हेतू दिसत नाही, त्याला फक्त वाक्य दिसतं. आधी ते स्वतः या वाक्याच्या एका टोकाला होते, आता दुसऱ्या. त्यांना ग्रुपवर लांबलचक माफी लिहायची होती. मी अडवलं. सगळ्यांसमोर माफी मागितली की समोरच्यावर सगळ्यांसमोर माफ करायचं ओझं येतं. त्यांनी बाईंना स्वतंत्र मेसेज केला, तीन ओळींचा. 'मी फक्त गंमत केली होती' हे वाक्य त्यात येऊ द्यायचं नाही एवढी माझी अट. बाईंनी "ठीक आहे" एवढंच लिहिलं. ग्रुपवर त्या परत आल्या नाहीत. त्यांनी यायलाच हवं होतं असंही नाही.

मग त्यांनी काकूंना फोन करून विचारलं की तुम्ही इतक्यांची टिंगल करता, तुमचं कसं चुकत नाही? काकू म्हणाल्या, "मी माणसाच्या मजकुराला हसते. त्याच्या मेलेल्या झाडाला नाही." मानसशास्त्राच्या पुस्तकांतून हे मला इतकं थोडक्यात सांगता आलं नसतं.

सगळे ग्रुप असे नसतात, हेही सांगते. ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांच्या एका गटातली विशीतली मुलगी माझ्याकडे येत होती. तिच्या गावाकडच्या बोलीवरून रोज टिंगल व्हायची. एकदा तिनं तोडीस तोड उत्तर दिलं तर गटप्रमुख म्हणाला, "जास्त बोलायचं नाही." डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञानं शाळांमधल्या छळाचा अभ्यास करताना तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम त्रास, तो पुन्हा पुन्हा, आणि ताकद एकाच बाजूला. इथे तिन्ही होत्या. "मी फार हळवी आहे का?" असं ती विचारत होती. तिच्या हळवेपणावर आम्ही एक मिनिटही घालवला नाही. तिनं गट सोडला, मी तिच्या पाठीशी राहिले.

बाकी, काय लिहायचं? आधी काही दिवस नुसतं वाचावं, तिथली बोलायची रीत कळते. मग नाव, गाव, इथे का आलो, आणि ज्याचं उत्तर देता येईल असा एखादा प्रश्न. जमल्यास स्वतःची एखादी फजिती. ती आपणच आधी सांगितली की लोकांना हसायला विषय मिळतो आणि तो आपण निवडलेला असतो. पदव्या नंतर कळतातच. माझं तर मत आहे की ओळख फोनच्या पडद्यावर 'अधिक वाचा' येण्याआधी संपावी. हे लाजाळू माणसांना सांगितलं की त्यांना हायसं वाटतं, कारण कमी लिहायचं असतं.

साहेबांची झोप काही ग्रुपमुळे सुधारली नाही. दोनला जाग येणं चालूच होतं, त्यावर आम्ही वेगळं काम केलं, आणि खरा फरक पडला तो परीक्षा संपून बायको-मुलगी नाशिकला आल्यावर. बायकोलाही त्यांनी ग्रुपमध्ये घेतलं. त्यांची ओळख मला साहेबांनीच दाखवली. "नमस्कार. मी कुंडलीवाल्यांची पत्रिका. सोलापूरला मागे ठेवलेला कढीपत्ता मी सांभाळत होते, तो हिरवागार आहे. त्यांच्यावाल्याचं काय झालं ते मला खरं खरं सांगा."