झालरीच्या मोज्यांबद्दल तुम्ही विचारलंत

मागच्या अंकात बाळंतविड्यावर लिहिलं होतं, दुपटी, कुंची, झबली, टोपडं असं सगळं, आणि शेवटी एका ओळीत झालरवाल्या मोज्यांचा उल्लेख केला होता, तर पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळी पत्रं त्या एका ओळीवरच आली. म्हणून यावेळी दुसरा विषय नाहीच, फक्त मोजे. सारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत.

ताई, नोव्हेंबरात आमच्या घरात बाळ येणार, बारशाला झालरीचे मोजे माझ्या हातचेच हवेत. दुकानदार बेबी वूल घ्या म्हणतो, सून म्हणते गोव्यात लोकर कशाला. कोणाचं ऐकू? (डिचोली)

सुनेचं ऐका काकी. बेबी वूल म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असतं, हाताला मऊ लागतं, धुवायला सोपं, रंग पण गोड, पण ते घाम शोषत नाही आणि आपल्या हवेत बाळाचा पाय त्यात ओला ओलाच राहतो. नोव्हेंबरात पाऊस संपलेला असला तरी दुपारी उकडतंच ना. कॉटन घ्या, फोर प्लाय म्हणजे बारीकसर जाडीचं. रात्री एसी लावत असाल किंवा तुमच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो तेव्हासुद्धा कॉटनचा मोजा पुरतो.

बाळाचे पाय गार लागले की आजी लोक लगेच मोज्यांवर मोजे चढवतात, तर एक सांगते, लहान बाळाचे हातपाय तसेही थोडे गारच असतात, थंडी वाजतेय का ते मानेला आणि छातीला हात लावून बघायचं.

कॉटनमध्ये साधं आणि मर्सराइज्ड असे दोन प्रकार मिळतील. मर्सराइज्ड म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेलं सूत, १८४४ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये जॉन मर्सर नावाच्या माणसाने ती शोधली म्हणून ते नाव, त्याला चमक असते, मजबूत असतं, रंग छान धरतं. झालर त्यात फार सुंदर उठून दिसते. पायाचा भाग मात्र मी साध्या कॉटनमध्येच करायला सांगेन कारण ते जास्त मऊ. दोन्ही सुतं सारख्या जाडीची घ्या, आणि विणायच्या आधी थोडा तुकडा मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघा, तिथे टोचलं तर बाळाला टोचणारच. केसाळ, पिसांसारखी फॅन्सी लोकर अजिबात नको, तिचे तंतू सुटतात आणि बाळाच्या तोंडात जातात.

माप कसं घ्यायचं? बाळ अजून जन्मलंच नाही. आणि ऑनलाइन पॅटर्नमध्ये २ नंबरची सुई लिहिलीय, आमच्याकडे १२ नंबर मिळते, काही कळत नाही. (फोंडा)

नवजात बाळाचं पाऊल साधारण ८ सेंटिमीटर धरा, तीन महिन्यांपर्यंत ९, सहा महिन्यांपर्यंत १० च्या आसपास, पण बाळागणिक फरक असतोच. पहिल्या महिन्याच्या मापाचे करूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, इतक्या मेहनतीची वस्तू आणि बघता बघता होईनाशी होते. तीन महिन्यांचं माप धरून करा, बारशाला थोडे सैल दिसले तरी कोणी काही म्हणत नाही.

सुयांचं म्हणाल तर आपल्याकडे अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, अमेरिकन नंबर बरोब्बर त्याच्या उलट. आपली १२ नंबर म्हणजे पावणेतीन मिलिमीटर आणि अमेरिकन २ पण तेवढीच, म्हणजे तुमच्याकडे आहे तीच सुई पॅटर्नने मागितलीय. नंबर सोडा, मिलिमीटर बघा. फोर प्लाय कॉटनला अडीच ते पावणेतीन. आधी एक चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजा, धुतल्याशिवाय मोजू नका कारण कॉटन आटतं. १० सेंटिमीटरमध्ये ३० टाके बसले तर ३६ टाक्यांचा मोजा १२ सेंटिमीटर घेराचा होतो, तीन महिन्यांच्या बाळाला बरोबर.

क्रोशेवाल्यांनी अजून एक बघायचं. अमेरिकन पॅटर्नमधला डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, सुईवर धागा एकदा घेऊन घातलेला उंच टाका, पण ब्रिटिश पॅटर्नमधला डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, धागा न घेता घातलेला बुटका टाका. पॅटर्न कुठला आहे ते न बघता सुरू केलं तर मोजा भलताच उंच होतो.

क्रोशेची झालर मला जमतच नाही, कधी नुसती सपाट बसते तर कधी इतकी दाट होते की मोजा वाकडा पडतो. नक्की किती टाके वाढवायचे? (मडगाव)

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. झालर का होते ते आधी समजून घ्या म्हणजे पाठ करावं लागणार नाही. गोल रुमाल विणताना आपण प्रत्येक ओळीत मोजके टाके वाढवतो म्हणून तो सपाट बसतो, कमी वाढवले तर वाटीसारखा वर येतो, आणि गरजेपेक्षा जास्त वाढवले की कडेला मावायला जागा नसते मग ती कड वर-खाली वळत राहते, तीच झालर. याच्यावर गणित पण आहे बरं का. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना तायमिना या मूळच्या लात्व्हियाच्या गणितज्ञ बाईंनी हायपरबोलिक प्लेन नावाचा भूमितीतला पृष्ठभाग चक्क क्रोशेने विणून दाखवला, त्याच्या आधी तो कागदाचे तुकडे चिकटवून दाखवायचे आणि ते हाताळताना फाटायचे. दर ठराविक टाक्यांनंतर एक टाका वाढवत जायचं, एवढीच युक्ती. तुमची झालर म्हणजे तेच गणित आहे.

आता मोज्याचं. समजा घोट्याशी ३२ टाके आहेत. प्रत्येक टाक्यात २ खांब घातले की ६४ होतात, ही हलकी लाट, नेवरीच्या, म्हणजे करंजीच्या, कडेच्या मुरडीइतकी. त्याच्यावर अजून एक ओळ परत प्रत्येकात २ घातले की १२८, ही खरी भरगच्च झालर. इथेच थांबा. तिसऱ्यांदा दुप्पट केलंत तर तुम्ही म्हणताय तसंच होतं, झालरीच्या वजनाने मोजा खाली ओढला जातो. ६४ आणि १२८ मिळून १९२ टाके झाले, म्हणजे पायाच्या सहा ओळींचे टाके झालरीच्या दोनच ओळींत जातात, शिवाय खांब उंच असतो, तेव्हा सूत आणताना याचा हिशोब धरा, आणि दोन्ही झालरींचं सूत आधी वेगळं काढून ठेवा.

सपाट का बसते तर बहुतेक तुम्ही एकाच ओळीत, एक सोडून एक टाक्यात वाढवताय. आणि दुसरं कारण, क्रोशाची सुई मोठी वापरली तर टाके सैल पडून झालर उभी राहतच नाही. अडीचची सुई घ्या, शेवटची ओळ मुक्या खांबांची घट्ट घाला, कड टवटवीत दिसते.

झालर जोडायची जागा पण सांगते. प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर पुढे-मागे दोन कड्या असतात, घोट्याच्या वरची एक ओळ त्यातल्या फक्त मागच्या कडीत विणा, म्हणजे पुढच्या कड्या बाहेरच्या बाजूला मोकळ्या राहतात, मोजा पूर्ण झाला की त्या कड्यांत झालर घाला. शिवायचं काम नाही आणि आत गाठ पण नाही.

सुयांवर झालर आधी विणून मग मोजा विणला, पण झालर खाली दुमडली की उलटी बाजू दिसते. (म्हापसा)

दिसणारच, कारण दुमडल्यावर आतली बाजू बाहेर येते. उपाय असा, गोल विणायला ७२ टाके घाला, पहिली ओळ उलट आणि दुसरी सुलट, म्हणजे कड गुंडाळणार नाही, मग पाच ओळी सगळ्या सुलट, आणि नंतरच्या ओळीत दोन-दोन टाके एकत्र विणून ३६ करा. आता सगळं काम सुयांसकट आतलं बाहेर करा आणि उलट्या दिशेने विणायला लागा. फिरलात तिथे छोटं भोक पडतं, म्हणून पहिल्या टाक्याला धागा एकदा गुंडाळून घ्या. पुढे एक सुलट एक उलट अशी बॉर्डर, तीन सेंटिमीटर. झालर दुमडली की सुलट बाजू वर.

याचा एक मोठा फायदा आहे. नेहमीच्या मोज्याला वरची कड घट्ट झाली की तो बाळाच्या पायात जातच नाही, इथे कडेला दुप्पट टाके असल्याने ती भीती नाही.

मोजे सारखे निसटतात, पाय झाडला की एक मोजा गेलाच. इलॅस्टिक घालू का? (वाळपई)

कॉटनला लोकरीसारखा ताण नसतो, म्हणून बॉर्डर महत्त्वाची. बॉर्डरला नेहमीपेक्षा एका नंबरने बारीक सुई घ्या आणि बॉर्डर लांब ठेवा, तीन सेंटिमीटरच्या खाली नको. तरी निसटत असेल तर अगदी बारीक इलॅस्टिकचा धागा बॉर्डरच्या सुताबरोबर विणा, पण तुमचं बोट आरामात आत गेलं पाहिजे, आणि मोजा काढल्यावर पायावर वळ दिसला तर तो मोजा घालू नका.

अजून एक, टाच विणायला अवघड वाटत असेल तर टाच नसलेला मोजा करून बघा. दोन सुलट दोन उलट विणत जायचं आणि दर चार ओळींनी ही नक्षी एक टाका पुढे सरकवायची, म्हणजे बॉर्डर पिळासारखी फिरत जाते आणि पायाला सगळीकडून धरून राहते. उजवा-डावा नाही, वरचा-खालचा नाही, बाळ वाढलं तरी जास्त दिवस होतो. पहिल्यांदा विणणाऱ्यांना मी हाच सांगते.

रिबिन बांधायची असेल तर ती मागच्या बाजूला चार टाके घालून पक्की शिवून टाका, आणि टोकं आखूड ठेवा.

शेजारच्या घरी बाळाचा बाप्तिस्मा आहे, पांढऱ्या फ्रॉकवर पांढरे झालरीचे मोजे द्यायचेत. झालरीच्या कडेला मोती लावले तर? (पर्वरी)

किती छान विचार आहे, आणि पांढऱ्यावर पांढरी झालर चर्चमध्ये फार सुरेख दिसेल. पण मोती नको. मण्या, टिकल्या, बटणं काहीच नको. काही महिन्यांनंतर बाळ पाय तोंडात घालतं आणि सुटलेला मोती घशात अडकू शकतो. मोत्यांच्या ऐवजी कडेला तीन साखळ्यांची छोटी गाठ घालत जा, दर दुसऱ्या टाक्यावर, लांबून मोतीच वाटतात.

मोत्यांपेक्षाही मला काळजी आतल्या धाग्यांची वाटते. मोजा विणून झाला की सगळी टोकं सुईने चांगली आत ओवून घ्या, आणि रंगीत नक्षी असेल तर आतून धागे लोंबते ठेवू नका. सुटा धागा किंवा आईचा गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जातो, बोट सुजतं, लाल होतं, रक्त थांबतं, आणि बाळ नुसतं रडतं, कोणाला कळत नाही का रडतंय. म्हणून दरवेळी घालायच्या आधी मोजा उलटा करून बघायचा, आणि कारण नसताना बाळ रडत असेल तर मोजे काढून एकेक बोट बघायचं. गुंडाळलेलं दिसलं आणि लगेच निघालं नाही तर थेट डॉक्टरकडे. हे भेट देताना त्या आईला पण सांगा, वाईट वाटणार नाही तिला.

पावसात मोजे वाळत नाहीत, कुबट वास येतो, आणि कपाटात ठेवले की बुरशी. डांबरगोळ्या चालतील का? (काणकोण)

नाही, नाही आणि नाही. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी कधीच नाही. त्यातलं नॅप्थलीन कपड्याला लागतं, आणि ज्या बाळांना जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असते त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटतात, कावीळ गंभीर होऊ शकते. आपल्या बाळाला ही कमतरता आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळतच नाही. थोरल्या भावंडाचे जपून ठेवलेले मोजे गोळ्यांतून काढून तसेच घालू नका, आधी धुवा, मग उन्हात टाका, वास पूर्ण जाईपर्यंत.

वाळवायचं म्हणाल तर पिळू नका, झालर वाकडी होते. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग आडवे पसरून फॅनखाली, झालर बोटांनी सरळ करून. पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात नाही, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तर नाहीच, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा. पावसाळ्यात मोकळं ऊन पडलं की कपाटातलं सगळं बाहेर काढा.

बाळ उभं राहायला लागलं, हे मोजे घालून चालू द्यायचं का? (वास्को)

घरात नको. टाइल्सवर कॉटन घसरतं. चालायला शिकताना उघडे पायच चांगले.

आमच्या महिला मंडळाला हे मोजे विकायचे आहेत. सुताचे पैसे दुप्पट करून किंमत लावली तर चालेल ना? (साखळी)

सुतावरून किंमत लावूच नका. एका जोडीला सूत लागतं थोडंसंच, २०-२५ ग्रॅम, त्याची किंमत किरकोळ, सगळं मोल हाताचं आहे. एक जोडी करायला कोणाला किती तास लागतात ते प्रत्येकीने लिहून ठेवा, तासाला किती पैसे मिळायला हवेत ते मंडळात बसून ठरवा आणि मग किंमत काढा. महाग वाटेल, वाटू दे. मशीनच्या मोज्याशी बरोबरी करायला गेलात तर बायका दोन महिन्यांत विणायचं सोडून देतील. वर एक चिठ्ठी लावा, कुठलं सूत, कुठलं माप, कसं धुवायचं, आणि आत सुटे धागे नाहीत हे विकणारीने स्वतः मोजा उलटा करून गिऱ्हाइकाला दाखवायचं.