दोन तारे मिळाले म्हणून पुस्तक मागं घ्यायचं का?

तू विचारलं ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पहिली प्रेमकादंबरी आली. नातेवाइकांनी, मैत्रिणींनी पाच-पाच तारे दिले. मग एका अनोळखी वाचिकेनं दोन तारे देऊन लिहिलं की गावठी भाषा कळत नाही, शेवट पहिल्याच प्रकरणात कळतो, वेळ घालवायला ठीक आहे. इकडे गावातल्या बायका विचारून राहिल्या की यातली नायिका म्हणजे तूच ना. आता त्या वाचिकेला उत्तर द्यावं का, पुढच्या पुस्तकातून वऱ्हाडी काढावी का, आणि हे पुस्तक मागंच घ्यावं का, असे तुझे तीन प्रश्न आहेत.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. बरीच वर्षं प्रेमकथाच लिहीत आले आणि पुढंही त्याच लिहिणार आहे. तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची दिसते म्हणून एकेरी बोलते. तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ आहे. पण त्या वाचिकेचं म्हणणं झटकून टाकू नको. तिनं सांगितलेल्या गोष्टींतली एक तुझ्या फार कामाची आहे.

ताऱ्यांचा हिशेब आधी उरकू. दहा जणींनी पाच तारे दिले आणि अकरावीनं दोन, तर सरासरी ४.७३ होते. शंभर जणींनी पाच दिले असते आणि त्यानंतर हेच दोन आले असते, तर सरासरी ४.९७ राहिली असती. घाव तेवढाच आहे, वाचक कमी म्हणून तो मोठा दिसतो. शिवाय सगळीकडच्या ताऱ्यांचा अर्थ सारखा नसतो. पुस्तकांवर मतं देण्याच्या गुडरीड्स या संकेतस्थळावर तीन ताऱ्यांचा अर्थच ‘आवडलं’ असा दिलेला आहे आणि दोन म्हणजे ‘ठीक’. आपल्याकडं मात्र चार तारे दिले तरी माणूस नाराज होतो. ॲमेझॉनवर घरच्यांनी आणि जवळच्या मैत्रिणींनी परीक्षण लिहायला मनाई आहे, तसं आढळलं तर ते काढून टाकतात. म्हणून आत्या, नणंद, शाळेतल्या मैत्रिणी यांना तारे द्यायला सांगू नको. त्यांचं प्रेम घरात राहू दे. नव्या वाचिकेला सगळे पाचच तारे दिसले की तिला शंका येते. उलट एखादं मनापासून लिहिलेलं दोन ताऱ्यांचं मत वाचून तिला कळतं की हे पुस्तक अनोळखी माणसांनीही वाचलं आहे.

आता जुनी गोष्ट सांगते, कारण तुझ्या पिढीला त्याची कल्पना नसेल. छापील पुस्तक निघालं की आम्ही वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांना आणि मासिकांना ‘अभिप्रायार्थ’ म्हणून दोन प्रती पाठवायचो. कितीतरी महिने वाट पाहिल्यावर ‘साभार पोच’ या सदरात पुस्तकाचं नाव, लेखिकेचं नाव आणि किंमत एवढी एक ओळ यायची. कवितासंग्रहावर, आत्मचरित्रावर दोन-दोन रकाने यायचे. प्रेमकथेवर कोणी परीक्षण लिहावं असं संपादकांना वाटतच नसे. तेव्हा मला एकच खरा अभिप्राय मिळायचा, तो तालुक्याच्या वाचनालयात. पुस्तकाच्या शेवटी तारखेचा कागद चिकटवलेला असतो ना, त्यावरचे शिक्के मी पाहायची. कागद भरला म्हणून ग्रंथपालांनी त्यावर दुसरा डकवला, तेव्हा मला जो आनंद झाला तो नंतरच्या कुठल्याही सत्कारात झाला नाही. पण पुस्तक नेलं एवढंच त्या शिक्क्यांवरून कळायचं. वाचताना कोणाला कुठं रडू आलं, कुठं कंटाळा आला, नायकाचा राग कुठं आला, यातलं काहीच कळायचं नाही. आज तुला पहिल्याच पुस्तकावर एक अनोळखी बाई चार ओळी लिहून सांगते. तिचे दोन तारे मला त्या ‘साभार पोच’पेक्षा कितीतरी मोलाचे वाटतात.

आता तिचं म्हणणं बघू. ‘शेवट पहिल्याच प्रकरणात कळतो.’ अगं, प्रेमकथेत शेवट कळणारच. दोघं एकत्र येणार हे ठाऊक असतं म्हणूनच वाचिका ते पुस्तक उचलते. दिवसभर निंदण करून, सैंपाक उरकून, लेकरं झोपल्यावर अंथरुणावर पडून मोबाइल हातात घेणाऱ्या बाईला रात्री साडेअकराला कोणाचा मृत्यू वाचायचा नसतो. तू तिला भरवसा दिलेला असतो आणि तो मोडायचा नसतो. मग दोन तारे देणारी खरं काय सांगते? माझ्या अनुभवात ‘शेवट कळला’ अशी तक्रार ज्या पुस्तकावर येते, त्या पुस्तकाचा मधला भाग तपासावा. शेवट माहीत असूनही मधे ‘आता कसं होईल’ असं वाटायला लावणारी अडचण तिथं उभी राहिलेली नसते. गैरसमज झाला, कोणीतरी चोरून ऐकलं, पत्र हरवलं, एवढ्यावर दोनशे पानं चालत नाहीत. तिच्या परीक्षणातलं कामाचं वाक्य हेच.

आणि अडचणी शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. माझ्या एका कादंबरीत मुलीच्या बापाच्या सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा आहे. कापूस घरात भरून ठेवलेला, भाव नाही म्हणून विकलेला नाही, आणि त्यापायी ठरलेलं लग्न पुढच्या सालावर जातं. तेवढ्या सालभरात दोन्ही घरांची मनं बदलतात. त्यावर मोठ्या शहरातल्या एका वाचिकेनं लिहिलं, एवढ्या कारणासाठी कोणी लग्न लांबवतं का, पटत नाही. त्याच आठवड्यात केळापूरकडच्या एका बाईनं लिहिलं की आमच्या घरात हेच घडलं, माझ्या बहिणीचं. दोघींनी एकाच जागेवर बोट ठेवलं होतं. मी ते कारण बदललं नाही. केळापूरच्या बाईला ते आतून माहीत होतं, शहरातल्या बाईला ते माहीत करून देणं माझं काम होतं. पुढच्या पुस्तकात मी कर्जाचं, पेरणीचं, बियाण्याच्या उधारीचं चित्र दोघांच्या पहिल्या भेटीच्याही आधी आणलं. त्यानंतर ‘पटत नाही’ असं कोणी लिहिलं नाही. परस्परविरोधी मतं आली की लेखिका म्हणते, जाऊ दे, ज्याची त्याची आवड. तसं म्हणू नको. जिथं दोघी विरुद्ध बोलतात ती जागा पुन्हा उघडून वाच.

भाषेचं मात्र मी ऐकणार नाही, आणि तूही ऐकू नको. वऱ्हाडीला ‘गावठी’ म्हणणाऱ्या माणसाला आपला इतिहास कोणी सांगितलेला नसतो. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध झाला आणि मराठी भाषा विद्यापीठही आता तिथंच उभं राहिलं आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली. तिच्यातली माणसं वऱ्हाडीतच बोलतात आणि मराठीतल्या मोठ्या कादंबऱ्यांत तिचं नाव घेतलं जातं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत जा, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांची नाटकं दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर चालतात, हजारो माणसं थंडीत बसून पाहतात. त्या रंगभूमीसाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आपल्या माणसांनी प्रेमात पडताना पुण्याच्या भाषेत बोलावं, असा नियम कोणी केलेला नाही. ‘मले तुयाशिवाय करमत नाही’ हे तुझ्या नायकाच्या तोंडी जसं शोभेल, तसं दुसरं काही शोभणार नाही.

पण वाचिका अडखळली हे खरं असेल, तर त्यावर उपाय आहे. निवेदन प्रमाण मराठीत ठेव, संवाद वऱ्हाडीत ठेव, आणि अनोळखी शब्द येईल तिथं प्रसंग असा लिही की शब्द आपोआप उलगडेल. दोघं धुऱ्यावर भेटतात असं नुसतं लिहिलं तर सोलापूरच्या बाईला काही दिसणार नाही. पण धुऱ्याच्या अलीकडं तिच्या बापाचं वावर, पलीकडं त्याच्या काकाचं, आणि दोघांपैकी कोणी एक पाऊल पुढं टाकलं तर दुसऱ्याच्या हद्दीत जाईल, असं लिहिलं की तिला सगळं दिसतं. वर प्रेमही वाढतं. शब्दापुढं कंस करून अर्थ देत बसू नको, त्यानं वाचणं तुटतं.

‘वेळ घालवायला ठीक’ याचं दुःख मला समजतं. हे वाक्य मला इतक्यांदा मिळालं आहे, आणि फक्त वाचकांकडून नाही. गंभीर लिहिणाऱ्यांनी व्यासपीठावरून दिलं आहे, तेही हसून. माझं ठाम मत आहे की ज्या बाईला दिवसातून अर्धा तास स्वतःसाठी मिळतो, तिनं तो अर्धा तास माझ्या पुस्तकाला दिला, हा माझा मान आहे. याहून जास्त त्यावर बोलत नाही.

आता उत्तर द्यायचं का. देऊ नको. ‘धन्यवाद’ असंही लिहू नको. परीक्षण एका वाचिकेनं दुसऱ्या वाचिकेसाठी लिहिलेलं असतं. तिथं लेखिका येऊन उभी राहिली की त्या दोघी मोकळं बोलेनाशा होतात. खुलासा केला तर आणखी वाईट होतं. तुझी बाजू घेऊन तुझ्या मैत्रिणी तिच्यावर तुटून पडतात, आणि एका साध्या वाचिकेला आपण शिक्षा देतो. मी हे एका लेखिकेच्या बाबतीत घडताना पाहिलं. त्या वाचिकेनं पुढं कोणत्याच पुस्तकावर लिहिलं नाही. अपवाद एकच आहे. कोणी तुला स्वतःला पत्र लिहिलं, फोनवर निरोप पाठवला, आवाज रेकॉर्ड करून पाठवला, तर जरूर उत्तर दे. तो तुझ्याशी केलेला संवाद आहे. माझ्या अनेक वाचिकांना टाइप करणं जमत नाही, त्या बोलून पाठवतात. मागं शेळी ओरडत असते, कोणीतरी पाणी भरत असतं, आणि त्या सांगतात, “ताई, थो पोरगा मले पटला, पण त्याच्या मायनं लय छळलं वं पोरीले.” हे मी जपून ठेवते.

मुद्रित पुस्तकापेक्षा प्रतिलिपीसारख्या मोबाइलवर कथा वाचायच्या ठिकाणी भागाभागानं लिहिणार असशील, तर एक काळजी घे. तिथं बहुतेक प्रतिक्रिया ‘पुढचा भाग लवकर टाका’ अशाच असतात. त्या गोड असतात, पण तो अभिप्राय नव्हे. त्यांच्या घाईनं किंवा ‘त्या सासूला अद्दल घडवाच’ अशा आग्रहानं कथा वळत जाते, आणि तुला जे सांगायचं होतं ते राहून जातं. म्हणून पहिला भाग टाकण्याआधी शेवटचा भाग लिहून ठेव.

आणि आपल्याकडच्या शांततेचा वेगळा अर्थ लावू नको. वेचणी सुरू झाली की माझ्या वाचिका दिसेनाशा होतात. मग तूर निघते, मग लग्नं. पावसाळ्यात, झड लागली की अचानक जुन्या पुस्तकांवरही मतं येऊ लागतात. पिकाचं वेळापत्रक बघूनच वाचकांची वाट पाहावी.

गावातल्या बायकांचं बोलणं मात्र मला सगळ्यात कठीण वाटतं, कारण तिथं पुस्तकाचं परीक्षण होत नाही, तुझं होतं. “काऊन वं, हे तुयंच हाय ना सारं?” असं विचारणाऱ्या बाईच्या मनात प्रत्येक वेळी वाईट असतंच असं नाही. खूपदा तिला विचारायचं असतं की असं खरंच होतं का, कोणाला असं प्रेम मिळतं का. तिच्याशी शांतपणे बोल. म्हणावं, कथा माझी आहे, आयुष्य माझं नाही, तुम्हाला कुठला भाग आवडला? माझ्या गावात या एका प्रश्नावर बोलणं पुस्तकाकडं वळलं आणि तिथंच राहिलं. पुरुष लेखकानं दरोडा लिहिला तर तो दरोडेखोर आहे का असं कोणी विचारत नाही. आपल्याला विचारतात, हा अन्याय आहे आणि मला त्याचा राग येतो. पण पुस्तक मागं घेतलंस तर गाव म्हणणार, काहीतरी होतं म्हणूनच काढलं. ते राहू दे.

घरी नवऱ्याला आणि सासूबाईंना तूच आधी सांग, कोणत्या प्रसंगावरून लोक बोलू शकतात ते. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा ते केव्हाही बरं. आणि कोणी तुझं गाव, सासर, माणसांची नावं घेऊन ऑनलाइन काही लिहिलं, तर त्याला परीक्षण समजू नको. स्क्रीनशॉट काढून ठेव, तिथंच तक्रार कर, वाद घालू नको. धमकी असेल तर तालुक्याच्या पोलीस ठाण्यात घरच्या माणसाला सोबत घेऊन जा.

दुसऱ्या पुस्तकाचा मधला भाग लिहून झाला की मला पाठव. दसऱ्याच्या आधी पाठवला तर निवांत वाचून सविस्तर लिहीन, नंतर माझ्याही घरी कापूस असतो.