क्लोरीनवर श्वास घेणारे जीवाणू

प्रश्न: ड्रायक्लीनिंगच्या द्रावकाने दूषित झालेले भूजल परदेशात जीवाणूंच्या साहाय्याने स्वच्छ केले जाते, असे वाचले. कारखान्यात तयार झालेली ही रसायने जीवाणू कशी मोडतात? असे जीवाणू उपलब्ध असतील, तर ते थेट दूषित विहिरीत सोडण्यास अडचण कोणती? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: ड्रायक्लीनिंगसाठी आणि धातूच्या सुट्या भागांवरील वंगण काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टेट्राक्लोरोइथिलीनच्या रेणूत दोन कार्बन अणू आणि त्यांना जोडलेले चार क्लोरीन अणू असतात. हा द्रव पाण्याच्या सुमारे 1.6 पट जड असल्यामुळे सांडल्यावर भूजलातून खाली उतरतो, अभेद्य थरावर साचतो आणि तेथून कित्येक दशके थोडा थोडा विरघळत राहतो. हवेवर जगणारे जीवाणू सहसा प्रदूषकातील कार्बनचे ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवतात; परंतु या रेणूतील इलेक्ट्रॉन चार क्लोरीन अणूंनी आधीच स्वतःकडे ओढलेले असल्यामुळे त्या जीवाणूंच्या हाती फारसे काही लागत नाही.

जेथे ऑक्सिजन नसतो तेथे हाच रेणू उपयोगी ठरतो. आपले शरीर अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनकडे सोपवते. डीहॅलोकोकॉइडिस या प्रजातीचे जीवाणू हायड्रोजनपासून घेतलेले इलेक्ट्रॉन क्लोरीनयुक्त रेणूकडे सोपवतात, आणि या श्वसनातूनच त्यांना जगण्यापुरती ऊर्जा मिळते. प्रत्येक वेळी दोन इलेक्ट्रॉन खर्ची पडतात, एक क्लोरीन अणू क्लोराइडच्या रूपात सुटतो आणि त्याच्या जागी हायड्रोजन बसतो. अशा रीतीने टेट्राक्लोरोइथिलीनपासून ट्रायक्लोरोइथिलीन, त्यापासून डायक्लोरोइथिलीन, पुढे व्हिनाइल क्लोराइड आणि अखेरीस, फळे पिकताना सुटतो तोच, इथिलीन वायू तयार होतो. क्लोरीन तोडणाऱ्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) केंद्रस्थानी बी-12 जीवनसत्त्वाच्या कुळातील कोबाल्टयुक्त रेणू असतो. समुद्री शेवाळे आणि बुरशा क्लोरीन व ब्रोमीनयुक्त संयुगे फार पूर्वीपासून बनवत आल्या आहेत, त्यामुळे ही क्षमता कारखान्यांच्या काळातच जन्मली असे मानण्याचे कारण नाही.

कॉर्नेल विद्यापीठातील फ्रीडमन आणि गॉसेट यांनी 1989 मध्ये हे रूपांतर इथिलीनपर्यंत पोहोचते हे दाखवले, परंतु ते जीवाणूंच्या मिश्र समूहात. त्यातील नेमका जीवाणू वेगळा करून त्याचे वर्णन प्रसिद्ध होण्यास 1997 साल उजाडले. हा जीवाणू एकट्याने वाढवणे कठीण असते, कारण हायड्रोजन, अ‍ॅसिटेट आणि बी-12 या तिन्ही गोष्टींसाठी तो शेजारच्या जीवाणूंवर अवलंबून असतो. शिवाय ऑक्सिजन त्याला सोसत नाही, म्हणून उघड्या विहिरीत तो ओतून काहीच साधणार नाही. प्रत्यक्षात खोल विंधनछिद्रांतून वनस्पती तेल, लॅक्टेट किंवा मळी यांसारखे खाद्य आधी जमिनीत सोडतात. ते आंबवणारे जीवाणू ऑक्सिजन संपवतात आणि हायड्रोजन पुरवतात.

खरा धोका मात्र वेगळाच आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही याची मला चिंता वाटते. क्लोरीन काढण्याची ही साखळी मध्येच थांबू शकते. व्हिनाइल क्लोराइडमुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे; अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टेट्राक्लोरोइथिलीनची मर्यादा लिटरमागे 5 मायक्रोग्रॅम आहे, तर व्हिनाइल क्लोराइडची 2. म्हणजे काम अर्धवट राहिले, तर पाणी पूर्वीपेक्षा अधिक घातक होऊ शकते. 1997 मधील जीवाणूला शेवटच्या पायरीतून ऊर्जा मिळत नसे, म्हणून ती पायरी रेंगाळत असे. व्हिनाइल क्लोराइडवर वाढणारा जीवाणू मिशिगनमधील ऑस्कोडा येथील दूषित भूजलातून मिळाल्याचे 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. टेक्सासमधील केली हवाई तळावर निव्वळ मेथॅनॉल आणि अ‍ॅसिटेट दिल्यावर प्रक्रिया डायक्लोरोइथिलीनपाशी अडली. योग्य जीवाणूंचा समूह सोडल्यानंतर सुमारे 200 दिवसांत ती इथिलीनपर्यंत पोहोचली. म्हणून मूळ रसायन किती घटले एवढेच सांगणारा अहवाल स्वीकारू नये; व्हिनाइल क्लोराइड आणि इथिलीन यांची मोजमापे मागावीत, आणि शेवटची पायरी पार पाडणारी जनुके त्या पाण्यात आहेत का, हेही विचारावे.

प्रश्न: भारतात असे जीवाणू आढळले आहेत का? (तोच वाचक)

उत्तर: होय, परंतु ते वेगळ्या रसायनासाठी आणि ऑक्सिजनच्या उपस्थितीत काम करणारे. लिंडेन या कीटकनाशकाच्या प्रत्येक टनामागे त्याच्या निरुपयोगी समघटकांचा (तेच अणू, पण वेगळी मांडणी असलेल्या रेणूंचा) सुमारे 8 ते 12 टन कचरा उरत असे, आणि लखनौजवळील उम्मरी गावाच्या परिसरात त्याचे साठे पडून राहिले. दिल्ली विद्यापीठात रूप लाल यांच्या गटाने या विषयावर दीर्घकाळ काम केले. त्यांनी अभ्यासलेला स्फिंगोबियम इंडिकम बी-90-ए हा जीवाणू मूळचा उसाच्या मुळांभोवतीच्या मातीतला आहे. त्याचे एक विकर लिंडेनमधून हायड्रोजन आणि क्लोरीन एकत्र काढून घेते. सर्वांत चिवट असलेल्या बीटा समघटकावर ते चालत नाही, कारण त्यातील सहाही क्लोरीन अणूंची मांडणी त्या विकराला पकड मिळू देत नाही. तेथे दुसरे विकर क्लोरीनच्या जागी हायड्रॉक्सिल गट बसवते, पण त्यापुढील विघटन फार मंद गतीने होते; म्हणूनच जुन्या साठ्यांच्या मातीत आज प्रामुख्याने बीटा समघटक शिल्लक आढळतो.