मॉड्युलर सिंथसाठी मुदत ठेव मोडावी का?

अंधेरीत भाड्याने राहणाऱ्या, महिन्याला ७८ हजार रुपये हातात येणाऱ्या आणि त्यातले ५० हजार खर्च होणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतासाठी युरोरॅक मॉड्युलर सिंथेसायझर (एका प्रमाणित मापाचे सुटे भाग, म्हणजे मॉड्यूल, केसमध्ये बसवून तयार होणारे इलेक्ट्रॉनिक वाद्य) उभा करायला साडेचार लाखांची एकमेव मुदत ठेव मोडावी, की तीन लाखांचे वैयक्तिक कर्ज काढावे. सोबत त्यांनी मॉड्यूलची यादी पाठवली आहे.

माझ्या मते दोन्ही करू नये, आणि त्याचे कारण त्या यादीतच आहे. आपण १०४ एचपी (एचपी हे मॉड्यूलची रुंदी मोजायचे एकक) रुंदीच्या दोन ओळींची केस निवडली आहे, म्हणजे एकूण जागा २०८ एचपी, आणि यादीतील सात मॉड्यूल मिळून ८६ एचपी व्यापतात. उरलेली १२२ एचपी जागा रिकामी राहणार नाही, हे आपल्यालाही ठाऊक असेल. ती भरणे हा पुढच्या दोन-तीन वर्षांचा, आज कुठेही न मांडलेला खर्च आहे. शिवाय यादीत ध्वनी निर्माण करणारे ऑसिलेटर तीन, पण आवाजाची पातळी कमी-जास्त करणारा व्हीसीए एकच आहे, आवाज एकत्र करणारा मिक्सर नाही, आणि वीजपुरवठ्यावर प्रत्येक मॉड्यूल किती मिलिअँपिअर खेचते याची बेरीजही केलेली दिसत नाही. मॉड्यूल एकमेकांना जोडणाऱ्या पॅच केबल मात्र मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी करून घ्याव्यात, तेवढीच बचत.

परदेशातून मागवताना किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर सीमाशुल्क लागते, आणि ते शुल्क मिळवून झालेल्या रकमेवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). संकेतस्थळावर दिसणारी किंमत म्हणजे केवळ सुरुवात. पुढे विकायची वेळ आली, तर आपल्याकडे जुन्या मॉड्यूलचे गिऱ्हाईक मोजकेच असल्याने भाव पाडून द्यावा लागण्याची शक्यता धरून चालावे.

कर्जाचे म्हणाल, तर तीन लाख, १४ टक्के, तीन वर्षे असे धरल्यास हप्ता सुमारे १०,२५० रुपये येतो आणि व्याजापोटी जवळपास ६९ हजार जातात. आपली महिन्याची शिल्लक २८ हजार आहे. तिचा एक तृतीयांशाहून अधिक भाग छंदाच्या हप्त्यात अडकवणे मला पटत नाही. ठेव मोडल्यास दंडापेक्षा मोठा प्रश्न असा, की नोकरी गेल्यास घरभाडे देण्यासाठी दुसरे काहीच नाही.

सहा महिन्यांच्या खर्चाचे तीन लाख राखीव ठेवावेत. ठेव मुदतीला पूर्ण झाली की उरलेले दीड लाख हीच वाद्यखरेदीची कमाल मर्यादा समजावी, शुल्क आणि केबलसकट. तोवर व्हीसीव्ही रॅक या, मॉड्युलर सिंथची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती लॅपटॉपवर चालवून पाहावी. कोणते मॉड्यूल खरोखर हाताशी लागते हे तिथे फुकटात कळते. नंतर मूग कंपनीच्या डीएफएएम या ताल-सिंथसारखे अर्धमॉड्युलर वाद्य घ्यावे, म्हणजे जे केबल न जोडताही वाजते. त्याला स्वतःची पेटी, वीजपुरवठा आणि आठ पायऱ्यांचा सिक्वेन्सर (ठरवलेला स्वरक्रम आपोआप वाजवणारा भाग) असतो, आणि पुढे युरोरॅक केसमध्ये ते ६० एचपी जागेत बसते. रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे १९८१ मध्ये आलेले छोटेसे बास वाद्य १९८४ मध्ये बंद पडले आणि जुन्या बाजारात स्वस्तात विकले जाऊ लागले. ॲसिड हाउस ही नृत्यसंगीताची शैली त्यातूनच घडली. म्हणून छोट्या संचाचा कमीपणा मानू नये.

कार्यक्रमांचे मानधन मिळू लागले आणि ते धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखवले, तर अशा उपकरणांवर सर्वसाधारणपणे १५ टक्के घसारा (झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट) मिळतो. अनुमानित कराची योजना, म्हणजे उलाढालीचा ठरावीक हिस्सा नफा धरण्याची पद्धत, घेतल्यास तो वेगळा मिळत नाही. घसाऱ्यासाठी खरेदीची बिले आणि सीमाशुल्काच्या पावत्या पहिल्या दिवसापासून आपल्या नावावर असाव्यात.