तक्रारीचा फोन तुम्हीच उचला

नव्यानं धंद्यात उतरताय, तर बिलं, आठवणीचे मेसेज, ऑर्डर कुठवर पोचली याची माहिती हे सगळं बिनधास्त ऑटोमेशनवर टाका. पण तक्रार आली की फोन तुम्हीच उचला. चिडलेल्या ग्राहकाला तेच ठरावीक उत्तर तिसऱ्यांदा आलं की तो भांडतही नाही, गुपचूप दुसरीकडे जातो. त्याचं पूर्ण ऐकून घ्या, मध्ये तोडू नका. मग काय करणार आणि कधीपर्यंत, एवढं सांगा. सांगितलेल्या दिवशी काम झालं नसलं तरी फोन मात्र करा. हा दुसरा फोन बहुतेक जण करत नाहीत, आणि माझ्या मते गिऱ्हाईक टिकतं ते त्यावरच.

यंत्र आलं म्हणून माणसाचं काम संपत नाही, एटीएमचंच बघा. अमेरिकेत ती पसरली तेव्हा एकेका शाखेतले कॅशियर कमी झाले, पण शाखा चालवणं स्वस्त पडू लागल्यानं शाखा वाढल्या. कॅशियरची एकूण संख्या कित्येक वर्षं घटली नाही. नोटा मोजण्यातून सुटलेला वेळ ग्राहकांशी बोलण्यात जाऊ लागला.

आणि हो, चॅटबॉट ठेवलात तर माणसाशी बोलायचा पर्याय पहिल्याच स्क्रीनवर द्या.